ट्रॉली घेताना आधी आख बघा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळी सरली आणि थंडीची चाहूल लागली, की आपल्या सातारा-सांगली भागातले रस्ते ओळखू येईनासे होतात. कराडहून विट्याकडे जा, वाळव्याहून आष्ट्याकडे जा, नाहीतर रहिमतपूरहून कोरेगावला या. पुढे उसानं भरलेली जोड ट्रॉली आणि मागे आपण. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, शेंद्र्याचा अजिंक्यतारा, साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा, कुंडलचा क्रांती अशा कारखान्यांच्या गव्हाणीत ऊस पोचवायचा, म्हणजे चार-पाच महिने रात्रंदिवस चाकं फिरत राहणार. ही चाकं ज्या लोखंडी दांड्यावर फिरतात, त्याला आपले जुने लोक आख म्हणत. आता सगळे एक्सल म्हणतात. नाव बदललं तरी काम तेच: वरचं सगळं ओझं सोसायचं आणि बोलायचं नाही.

माझा धंदा ट्रॉल्या बांधण्याचा आणि दुरुस्त करण्याचा. गिऱ्हाईक दारात आलं, की बहुधा तीन प्रश्न विचारतं. ट्रॉली किती लांबीची? किती टन बसतं? आणि किंमत काय? चौथा प्रश्न, जो खरं तर पहिला असायला हवा, तो क्वचितच कुणी विचारतं: हे वजन नेमकं कुठे बसतं? ट्रॅक्टरवर किती, आखावर किती आणि एका चाकावर किती? आज मी या चौथ्या प्रश्नाविषयीच बोलणार आहे. कारण ट्रॉलीचा साटा मोठा करणं सोपं असतं. चार पत्रे आणि दोन अँगल जास्त लावले की झालं. पण त्या वाढलेल्या साट्याखालचा आख तेवढाच राहिला, तर त्याचा हिशोब कुठेतरी रस्त्यात, बहुधा रात्री आणि बहुधा उतारावर, चुकता करावा लागतो.

उलाळ गाडी

बैलगाडी हाकलेल्या माणसाला वजनाचा तोल शिकवावा लागत नाही. पोती मागे जास्त रचली, तर जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्यातल्या जुपण्या ताणतात. गाडी उलाळ झाली, असं आपण म्हणतो. पोती पुढे रचली, तर सगळा भार मुक्या जनावराच्या मानेवर. जाणता गाडीवान आखाच्या थोडं पुढे वजन ठेवतो. जू नुसतं टेकलेलं राहील, एवढंच.

उसाच्या टायर गाडीवर दोन-अडीच टन ऊस सर्रास चढतो. तिथे हा तोल थोडा बिघडला तरी बैलाच्या मानेला घट्टे पडतात, जखमा होतात. २०२२ साली साखराळ्याच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या विद्यार्थ्यांनी यावर ‘सारथी’ नावाचं साधन तयार केलं. धुऱ्याला पुढच्या बाजूला खालून एक जादा चाक लावायचं, म्हणजे मानेवर येणारा भार ते चाक घेतं. त्या गाडीची छायाचित्रं तेव्हा देशभर पाहिली गेली. लोकांना त्यात बैलाविषयीची कणव दिसली, आणि ती होतीच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. ओझं किती आहे, याइतकंच ते कुठे टेकलं आहे, हेही महत्त्वाचं असतं, हे त्या पोरांनी एका चाकात सांगितलं होतं.

आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर आणा. नियम तोच राहतो. दोनचाकी ट्रॉली, म्हणजे एकाच आखाची ट्रॉली, पुढे ट्रॅक्टरच्या हुकावर टेकलेली असते. समजा, हुकापासून आखापर्यंतचं अंतर ३.२ मीटर आहे आणि वरचं वजन ५ टन आहे. या वजनाचा मध्य आखाच्या २० सेंटिमीटर पुढे असेल, तर हुकावर सुमारे ३०० किलो भार येतो. ३२ सेंटिमीटर पुढे असेल, तर ५०० किलो येतो. आणि तोच मध्य आखाच्या २० सेंटिमीटर मागे गेला, तर ट्रॉली ट्रॅक्टरचा हुक ३०० किलोनं वर उचलू लागते. म्हणजे दोन वितींचा फरक. ऊस भरताना मागच्या बाजूला बऱ्याच मोळ्या जास्त पडल्या, की एवढा फरक पडतो.

हुकावर थोडा भार असणं चांगलं का, तेही समजून घेऊ. पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर सुमारे दोन टनांचा असतो. त्यातले मागच्या चाकांवर साधारण १४०० किलो. बऱ्यापैकी घट्ट रानात चाकांची पकड त्यांच्यावरच्या वजनाच्या निम्मी धरली, तर हा ट्रॅक्टर ७०० किलोची ओढ देतो. इंजिनात कितीही ताकद असो, त्यापुढे चाकं नुसती फिरतात. मऊ रानातून ट्रॉली काढायला टनामागे १०० ते १५० किलोची ओढ लागते. पाच टनांच्या ट्रॉलीला ५०० ते ७५० किलो झाली. म्हणजे प्रकरण काठावरच आलं. पण हुकावर ५०० किलो भार असेल, तर मागच्या चाकांवरचं वजन दोन टनांवर जातं, ओढ एक टनाची होते आणि ट्रॉली बांधावर येते. उलाळ ट्रॉलीत हेच उलटं होतं. चाकं जागेवर फिरतात, रान उकरतात, आणि मग दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

मात्र हुकावरचा भार वाढवत नेला, तर पुढची चाकं हलकी होतात. हुक मागच्या आखाच्या मागे असतो ना. तराजूच्या दांडीसारखंच ते. ५०० किलोला पुढची चाकं सव्वाशे-दीडशे किलोनं हलकी होतात. त्यात चढ आला आणि जोराची ओढ आली, की स्टिअरिंग ऐकेनासं होतं. म्हणून वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भार हुकावर ठेवावा, असा मी सल्ला देतो. आणि ट्रॅक्टरबरोबरच्या पुस्तकात हुकाला जी मर्यादा दिलेली असते, ती ओलांडू नये. ट्रॉली जोडायची ती खालच्या हुकालाच. मागच्या आखाच्या वरच्या अंगाला जोडून ओढलं, तर ट्रॅक्टर पुढून उचलून चालकाच्या अंगावर मागे पडू शकतो. ते इतक्या झटक्यात होतं, की उडी मारायला वेळ मिळत नाही.

दोन चाकं की चार?

चारचाकी ट्रॉलीत पुढचा आख टर्न टेबलवर फिरतो आणि सगळं वजन ट्रॉलीची स्वतःची चार चाकं घेतात. ओढदांडीचं काम फक्त ओढण्याचं. ती उलाळ होत नाही, सोडून ठेवली तर आधाराशिवाय उभी राहते, आणि डांबरी रस्त्यावर लांबच्या पल्ल्याला शांत चालते. पण ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना तिच्याकडून वजनाची मदत मिळत नाही. ओल्या रानात ट्रॅक्टर रुतला, की हे कळतं. शिवाय ती मागे घेणं अवघड, कारण वळण्याच्या जागा दोन. यार्डात नवा चालक चारचाकी मागे घेताना घामाघूम झालेला तुम्ही पाहिला असेल.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी विचारतो, की बाबा, तुझा ऊस कुठला? कृष्णाकाठची काळी मळीची रानं, अरुंद पाणंद आणि कारखाना हाकेच्या अंतरावर असेल, तर दोनचाकी बरी. खटाव-कडेगावच्या बाजूनं पक्क्या रस्त्यावरून तीस-चाळीस किलोमीटर यायचं असेल, तर चारचाकी. दोन्हीची कामं वेगळी. शेजाऱ्यानं घेतली म्हणून आपण घेतली, हे कारण पुरेसं नाही.

जोड ट्रॉलीत आणखी एक बारकावा आहे. दोन दोनचाकी ट्रॉल्या एकामागे एक जोडल्या, तर दुसरीच्या पुढच्या टोकाचा भार पहिलीच्या शेपटीवर येतो. ही शेपटी आखाच्या दोन मीटर मागे असेल आणि तिच्यावर ३०० किलो आले, तर पहिली ट्रॉली हुकावरून जवळजवळ १९० किलोनं उचलली जाते. दोन्ही ट्रॉल्या वेगवेगळ्या जोडून पाहिल्या तर व्यवस्थित, एकत्र जोडल्या की पहिली उलाळ. म्हणून पहिलीत भरताना वजन थोडं अधिक पुढे घ्यावं लागतं.

ताकद कशात असते?

आता प्रत्यक्ष आखाकडे वळू. ट्रॉलीचा आख बहुधा चौकोनी पोलादी दांड्याचा असतो. वाकण्याविरुद्धची त्याची ताकद जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. शाळेतलं गणित आहे हे. ७५ मिलिमीटरच्या ऐवजी ९० मिलिमीटरचा दांडा घेतला, तर जाडी पाचव्या हिश्श्यानं वाढली. लोखंड ४४ टक्के जास्त लागलं. पण ताकद जवळजवळ पावणेदोनपट झाली. १०० मिलिमीटरचा घेतला तर ७५ च्या तुलनेत सव्वादोनपटीहून अधिक. संपूर्ण ट्रॉलीच्या किमतीत या फरकाचे पैसे थोडे असतात. रंगावर, नक्षीवर आणि पाठीमागच्या नावावर खर्च करणारे आपण, इथे मात्र हात आखडता घेतो.

पण नुसती जाडी बघून फसू नका. आखावरचा ताण दोन गोष्टींवर ठरतो: चाकावरचं वजन, आणि पाट्याच्या बैठकीपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. हे अंतर २० सेंटिमीटरचं ३० झालं, तर तेवढ्याच वजनाला ताण दीडपट होतो. साटा रुंद दिसावा म्हणून कोणी अरुंद सांगाड्यावर चाकं बाहेर काढून बसवतात. दिसायला ऐटदार, पण आख त्या अंतराची किंमत मोजत असतो. दुसरी नाजूक जागा म्हणजे चौकोनी दांडा संपून गोल टोक सुरू होतं, तो सांधा. आख मोडतो तो बहुधा तिथे. तिथली कड धारदार असेल, किंवा मोडलेलं टोक वेल्डिंगनं जोडलेलं असेल, तर तडा तिथूनच सुरू होतो. मोडलेल्या टोकाला वेल्डिंग मारून हंगाम काढून द्या, अशी गळ घालणारे दरवर्षी येतात. ते काम मी घेत नाही. वरून वेल्डिंग छान दिसतं, आत काय चाललं आहे ते दिसत नाही.

टोकावर बेअरिंग असतात. रोलर बेअरिंगचं एक गणित कारखानदार जगभर वापरतात. ठरलेल्या वजनापेक्षा २० टक्के जास्त वजन नेहमी नेलं, तर बेअरिंगचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. दीडपट वजन नेलं, तर चौथ्या हिश्श्यावर येतं. म्हणजे जे बेअरिंग चार हंगाम चालायचं, ते एकाच हंगामात बसतं, आणि तेही गव्हाणीवर रांग लागलेली असताना. यावर साधा उपाय सांगतो. दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर कुठेही थांबलात, की चारी तुंब्यांना हाताची पाठ लावून बघा. तीन कोमट आणि एक चटका देणारा लागला, तर त्याचं बेअरिंग किंवा ब्रेक काहीतरी सांगतो आहे. हे ऐकायला पैसे पडत नाहीत.

रस्त्याचंही असंच आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास रस्ते बांधून त्यांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक सतत फिरवण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यातून असं दिसलं, की आखावरचं वजन वाढलं की रस्त्याची झीज त्याच्या साधारण चौथ्या घातानं वाढते. २० टक्के जादा वजन म्हणजे दुप्पट झीज. आपल्या गावचा रस्ता दरवर्षी मार्चपर्यंत का उखडतो, याचं एक उत्तर यात आहे. म्हणूनच कायदा नुसतं एकूण वजन बघत नाही, आखावरचंही बघतो. २०१८ साली केंद्र सरकारनं या मर्यादा वाढवल्या. चार टायरच्या एका आखाला पूर्वी १०.२ टन होते, ते ११.५ झाले; जोड आखाला १९ चे २१ झाले. या रस्त्यासाठीच्या कमाल मर्यादा आहेत. तुमच्या ट्रॉलीला लागू असतो तो तिच्या नोंदणी पुस्तकातला आकडा, आणि तो बहुतेक वेळा बराच कमी असतो.

जोड आख आणि मोठी यंत्रं

कोणी विचारतात, एका आखाऐवजी मागे जवळजवळ दोन आख घालू का? घाला, पण मधे बॅलन्सर असेल तरच. बॅलन्सर म्हणजे दोन्ही बाजूंच्या पाट्यांना जोडणारा झोपाळ्यासारखा हलणारा तुकडा. एक चाक खड्ड्यात गेलं, की तो भार दोघांत वाटून देतो. तो नसेल, तर उंचवट्यावर आलेला एकटाच आख सगळं वजन उचलतो, आणि मग दोन आख असून उपयोग एकाचाच. जोड आखाचा तोटा वळणावर दिसतो. शेताच्या कोपऱ्यात वळताना टायर फरफटत जातात, घासतात. अरुंद रानात त्याचा त्रास होतो, सरळ रस्त्यावर नाही.

पोकलेनसारखी साखळीवर चालणारी यंत्रं न्यायची असतील, तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा विचारही करू नये. वीस टनी पोकलेन एकटाच वीस टनांचा असतो. त्याला ट्रकचं डोकं आणि कमी उंचीचा लो-बेड ट्रेलरच हवा. तिथेही प्रश्न तोच: यंत्र कुठे उभं करायचं? फूटभर मागे उभं केलं, तरी मागच्या आखांवर बराच फरक पडतो. शिवाय यंत्राला चारी कोपऱ्यांना साखळदंड हवेत आणि बूम खाली टेकलेली हवी. आपल्या पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर आणि इकडे चाळकेवाडीला पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा मनोऱ्यांचे अवजड तुकडे आणि लांबलचक पाती ट्रेलरवरूनच घाट चढून गेली. अशा अवजड मालाच्या ट्रेलरला आखांच्या रांगाच्या रांगा असतात. कितीतरी चाकं मिळून ओझं वाटून घेतात, म्हणून रस्ता खचत नाही. वारकऱ्यांच्या पालखीसारखंच आहे ते. खांदे जास्त, म्हणून भार कमी.

टायर आणि रान

टायरवर तो किती भार घेऊ शकतो, हे छापलेलं असतं. ते वाचा. चार टायरच्या आकड्यांची बेरीज ट्रॉलीच्या भरलेल्या वजनापेक्षा जास्त असायला हवी. भरलेल्या म्हणजे ट्रॉलीच्या स्वतःच्या लोखंडासकट. जुन्या, रबर चढवलेल्या टायरला तो आकडा पूर्ण लागू पडेल, असं धरू नका.

टायरमधल्या हवेचा आणि रानाचाही संबंध आहे. टायर जमिनीवर साधारण त्याच्यातल्या हवेइतकाच दाब देतो. हवा कडक तेवढी टेकण्याची जागा कमी आणि रुतणं जास्त. ओल्या काळ्या रानात भरलेली ट्रॉली सरीवरून गेली, की खालची माती दाबून दगडासारखी होते. त्या चाकोरीतला खोडवा पुढे उंचीला कमी राहतो, हे प्रत्येक शेतकऱ्यानं पाहिलेलं आहे. म्हणून शक्य असेल तिथे ट्रॉली बांधाकडेला उभी करून भरावी, एकाच चाकोरीनं आत-बाहेर करावं, आणि पाणी देऊन लगेच तोड घेऊ नये. ट्रॉलीवाल्याचं भाडं एकदा मिळतं, रानाचं नुकसान पुढच्या हंगामापर्यंत राहतं.

उतारावरचा हिशोब

आता ज्यासाठी हे भाषण द्यायचं ठरवलं, तो भाग. आपल्याकडच्या बहुतेक उसाच्या ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, किंवा असून जोडलेले नसतात. थांबवायचं काम एकट्या ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी करायचं.

हिशोब करू. ट्रॅक्टर दोन टन आणि मागे भरलेल्या ट्रॉल्या बारा टन. एकूण चौदा टन. मागच्या चाकांवर दीड टन वजन आणि डांबरावर चांगली पकड धरली, तर ब्रेकची ओढ फार तर ९०० किलो. चाकं फिरण्याचा नैसर्गिक विरोध २८० किलो. दोन्ही मिळून जवळजवळ १२०० किलो. ताशी २५ किलोमीटर वेगानं सपाट रस्त्यावर हे प्रकरण सुमारे ३० मीटरवर थांबतं. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे सात-आठ मीटर वेगळे. आता वीस मीटरला एक मीटर असा साधा उतार घ्या. ट्रॉल्या मागून ७०० किलोनं ढकलतात. थांबायला ७० मीटरहून जास्त लागतात. आणि बारा मीटरला एक मीटर असा उतार आला, तर ढकलण्याचा जोर जवळजवळ १२०० किलो. म्हणजे ब्रेकच्या बरोबरीचा. पायातली सगळी ताकद लावली, तरी ते थांबणार नाही. रस्ता थोडा ओला असेल, वाळू असेल, तर वेग वाढतच जाईल. आणि मागचा जोर किंचित तिरका लागला, की ट्रॉली ट्रॅक्टरला फिरवून आडवा करते.

बारास एकचा उतार शोधायला खंबाटकीला किंवा कुंभार्लीला जायची गरज नाही. ओढ्यावरच्या जुन्या फरशीकडे उतरणारा रस्ता तसाच असतो, आणि कालव्याच्या भरावावरून खाली येणारी वाटही.

याला तीन उपाय आहेत. पहिला, ट्रॉलीला तिचे स्वतःचे ब्रेक. ब्रेक असलेल्या आखावर जितकं वजन तितकी त्याची पकड, त्यामुळे ओझं वाढलं तरी थांबायची ताकदही वाढते. नवी ट्रॉली घेताना हे काम करून घ्यावं आणि ट्रॅक्टरला जोडलेलं ठेवावं. दुसरा, उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणं, हा जिवाशी खेळ आहे. चार थेंब डिझेलसाठी तो खेळू नये. तिसरा, उतार असेल त्या रस्त्यानं जोड ट्रॉली नेऊच नये. एकेक करून न्यावी.

उंचीचाही असाच हिशोब आहे. चाकांमधलं अंतर दीड मीटर असेल, तर मध्यापासून चाकापर्यंत ७५ सेंटिमीटर. उसाच्या ओझ्याचा मध्य जमिनीपासून दोन मीटर उंच गेला आणि रस्ता १० अंश तिरका असेल, तर वजनाची रेघ ३५ सेंटिमीटर बाजूला सरकते. १५ अंशाला ५४ सेंटिमीटर. उरले फक्त २१. तेवढ्यात एक चाक साईडपट्टीवरून खाली उतरलं, की ट्रॉली आडवी. वर मोळ्यांचा थर वाढवताना प्रत्येक वीत या २१ सेंटिमीटरमधून वजा होत असते.

रात्रीचा रस्ता

कोणी म्हणेल, एवढं सगळं कळतं, पण खेपा किती होणार हे यार्डातली रांग ठरवते. दहा-बारा तास रांगेत गेले, तर दिवसाला एकच खेप. मग त्या एका खेपेत जास्त भरल्याशिवाय हप्ता कसा फिटणार? हा प्रश्न खरा आहे, आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. ट्रॅक्टरवर कर्ज, टोळीला दिलेली उचल, डिझेल. वाहतूकदार हावरट म्हणून भरत नाही, अडचणीत असतो म्हणून भरतो. पण हंगामात आख मोडला, तर ट्रॉली रस्त्यात, ऊस वाळतोय, टोळी बसून, आणि क्रेनचं भाडं वेगळं. जादा भरलेल्या कितीतरी खेपांची कमाई त्या दोन-तीन दिवसांत जाते. हा झाला पैशाचा हिशोब.

दुसरा हिशोब माणसांचा आहे. ट्रॅक्टर चालवणारा बहुधा जत, आटपाडी, माण अशा पाण्यासाठी तरसलेल्या भागातला तरुण पोरगा असतो. दोन रात्रींची झोप झालेली नसते. तोडणीच्या टोळीतल्या बाया, तान्ही पोरं फडातून कोपीवर जाताना त्याच ट्रॉलीवर बसलेली असतात. उसाच्या वर माणूस बसवू नये, एवढं जरी आपण पाळलं, तरी कितीतरी घरं वाचतील. आणि मागून येणारा मोटरसायकलवाला? अंधारात बंद पडलेली, दिवा नसलेली, रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली त्याला दिसते ती आदळण्याच्या क्षणीच. मागच्या फळीवर लाल आणि कडेला पिवळी चमकती पट्टी लावायला एका दिवसाच्या चहापाण्याइतका खर्च येतो. ती उसाच्या पाल्याखाली झाकली जाणार नाही, अशी खाली लावावी. ट्रॉली बंद पडली, तर मागे पन्नास पावलांवर काहीतरी ठळक ठेवावं. दगड ठेवले, तर निघताना ते उचलायला विसरू नये. रस्त्यात राहिलेला दगड ही वेगळीच आफत असते.

काट्यावर करून बघा

शेवटी एक युक्ती सांगतो. प्रत्येक कारखान्यावर वजनकाटा आहे, गावोगावी खासगी काटेही आहेत. हंगाम सुरू होण्याआधी एकदा भरलेली दोनचाकी ट्रॉली घेऊन जा. आधी ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्ही काट्यावर घेऊन एकूण वजन करा. मग ट्रॅक्टर काट्यावरून पुढे उतरवून फक्त ट्रॉलीचा आख काट्यावर ठेवा. तो झाला आखावरचा भार. उरलेलं वजन ट्रॅक्टरच्या चाकांवर आहे. त्यातून मोकळ्या ट्रॅक्टरचं वजन वजा केलं, की हुकावरचा भार मिळतो. तीन पावत्या, पंधरा मिनिटं. आख किती टनांचा आहे, टायर किती टनांचे आहेत आणि प्रत्यक्षात किती बसतंय, हे तिन्ही आकडे मग तुमच्या खिशात राहतील.

आणि नवी ट्रॉली घेताना बांधणाऱ्याला हे विचारा: आख किती जाडीचा आणि किती टनांचा? टोकं एकसंध आहेत की जोडलेली? बेअरिंग कोणतं, आणि ते आपल्या गावात मिळतं का? पाट्याची बैठक चाकापासून किती अंतरावर? आख साट्याच्या मध्यापासून किती मागे बसवला आहे? ब्रेक आहेत का? आणि हे सगळं पावतीवर लिहून देता का? जो लिहून देतो, त्याच्याकडून घ्या. दोन पैसे जास्त पडले तरी चालतील.

आपला भाग लोखंडाला नवखा नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथून लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या हाती गेले. लोखंडी फाळानं जमीन नासेल, अशी शंका तेव्हाच्या लोकांनी घेतली होती. शंका घेणं चुकीचं नव्हतं; पारखून घेतलं आणि मग वापरलं. ट्रॉलीच्या बाबतीतही तेवढीच पारख करावी. साट्यावर ‘आईचा आशीर्वाद’ जरूर लिहावा. पण ती अक्षरं रंगवायच्या आधी एकदा खाली वाकून आख बघून घ्यावा.